माईक चालू केला की

नाशिकला सिडकोत बहिणीकडे गेले की माझी अकरावीतली भाची पलंगाच्या कडेला मोबाइल आडवा धरून ऑनलाइन लढाईचा खेळ खेळत बसलेली असते. चौघांचा स्क्वॉड म्हणजे संघ, त्यातले तिघे अनोळखी. कानात इअरफोन, पण माईक कायम बंद. मागच्या रविवारी मी विचारलं, सगळे बोलतात, मग तू का नाही बोलत? म्हणाली, "मावशी, मुलीचा आवाज ऐकला की खेळ राहतो बाजूला. आधी नंबर मागतात, नाही दिला की शिव्या." आणि तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला. संघातला कोणीतरी नॉक झाला होता, म्हणजे जखमी होऊन पडला होता, त्याला रिव्हाइव्ह द्यायला, म्हणजे परत उभं करायला, उशीर झाला होता, आणि तेवढ्यावरून एकजण त्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होता. आवाज नुकताच फुटू लागलेला, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा. मी शिक्षिका आहे. असा आवाज मला रोज वर्गाच्या दारातून "मॅडम, येऊ का आत?" असं विचारतो.

भाची सांगते ते संशोधकांनी मोजलेलं आहे. 'हेलो ३' या खेळात त्यांनी तीच साधी वाक्यं कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात ऐकवली, कधी काहीच ऐकवलं नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष आला: बाईच्या आवाजाला सुमारे तिप्पट वाईट बोलणी बसली. २०१५ मध्ये याच खेळावरच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की बाईच्या आवाजावर जास्त तुटून पडणारे पुरुष हे खेळात कच्चे असलेले होते. चांगलं खेळणारे त्या मानाने नीट वागत होते. हरणाऱ्याला आपली जागा जाण्याची धास्ती असते, असा अर्थ संशोधकांनी लावला.

पण तोच मुलगा वर्गात नम्र कसा? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये याची कारणं मांडली. नाव माहीत नाही, चेहरा दिसत नाही, समोरच्याचे डोळे भरून आलेले कळत नाहीत, मग मनाचा ब्रेक सैल होतो. (तो चांगल्या बाजूनेही सैल होतो. घरी न सांगितलेलं दुःख माणूस अनोळखी मित्राला सांगून बसतो.) गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरंही भांडतात, पण बॅट ज्याची असते तो चिडला तर खेळच बंद, आणि उद्या परत त्याच पोरांसमोर उभं राहायचं असतं. मोबाइलवरचा स्क्वॉड वीस-पंचवीस मिनिटांत मोडतो. त्यातलं कोणी पुन्हा भेटत नाही.

शिव्या देणारी मंडळी वेगळीच असतात, त्यांना हाकललं की झालं, असं मलाही वाटायचं. 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणाऱ्या रायट गेम्सने आपल्या खेळातलं चॅट तपासलं तेव्हा सतत घाण बोलणारे शंभरात जेमतेम एक निघाले. बाकी बहुतेक विष ओतलं होतं एरवी बरं खेळणाऱ्यांनी, एखाद्या वाईट दिवशी. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोकांना आधी एक चाचणी दिली आणि मग ऑनलाइन चर्चेत उतरवलं. चाचणी सोपी आणि आधीचे प्रतिसाद सभ्य असतील तर १०० पैकी ३५ प्रतिसाद वाईट आले. चाचणी अवघड आणि वरचे प्रतिसादही वाईट असतील तर ६८. माणसं तशीच, फक्त मूड आणि आजूबाजूचं वातावरण बदललेलं.

म्हणून उपायही वातावरणावरचे हवेत, असं मला मनापासून वाटतं. रायटने विरुद्ध संघाशी होणारं चॅट आपोआप सुरू असायचं ते बंद ठेवलं. हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं. आठवड्याभरात त्या चॅटमधलं वाईट बोलणं जवळपास एक तृतीयांशाने घटलं, चांगलं बोलणं तितकंच वाढलं, आणि एकूण बोलणं मात्र साधारण तेवढंच राहिलं! कोणाचंही तोंड बांधलं नव्हतं. मध्ये एक पायरी आणली होती, इतकंच. दुसरा धडा शिक्षेचा. नुसतं खातं बंद केलं तर मुलगा चिडून परत येतो. तू हे वाक्य लिहिलंस म्हणून बंद केलं, असं दाखवलं तर पुन्हा तसं वागणारे कमी होतात. कारण सांगितल्याशिवाय शिक्षा नको, हे कोणताही शिक्षक सांगेल.

खरी अडचण मराठीची आहे. शब्दांच्या यादीवर चालणारी चाळणी अक्षरं बघते, अर्थ नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्पच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावातच एक शिवी दडलेली होती. आमच्या निफाडचा द्राक्षवाल्याचा पोरगा "आज बागेत गांडूळ खत टाकलं" असं लिहील, तर अशी चाळणी त्यालाच पकडेल. "बॉट आहेस का?" (बॉट म्हणजे यंत्र चालवतं तो कच्चा खेळाडू) आणि "गावठी, आधी बोलायला शीक" ही वाक्यं मात्र सुखरूप निघून जातील, आणि लागतात तीच. शिवाय आपली पोरं मराठी लिहितात रोमन अक्षरांत, एकच शब्द पाच तऱ्हांनी, मध्ये हिंदी. जिवलग मित्राला म्हटलेलं "येड्या" आणि अनोळखी पोराला हाणलेलं "येड्या" यांतला फरक यंत्राला शिकवायचा तर मराठी बोलणाऱ्यांनीच हजारो वाक्यं वाचून त्यांवर खुणा करायला हव्यात. 'कॉल ऑफ ड्यूटी' या खेळाने २०२३ मध्ये आवाज ऐकून शिव्या ओळखणारी यंत्रणा आणली, तीही आधी इंग्रजीपुरतीच. मराठीसाठी हे काम व्हायलाच हवं, आणि ते आपल्यालाच करावं लागेल.

त्या रविवारी शिव्या खाणारा तो मुलगा अजून जमिनीवर सरपटत होता. भाचीने भिंतीआडून धाव घेतली आणि पळता पळता चॅटमध्ये टाइप केलं, "थांब, येतोय."

"येतोय?" मी विचारलं.

"येतेय लिहिलं की कळतं ना, मावशी," ती म्हणाली आणि त्याला रिव्हाइव्ह देऊ लागली.