स्मृतिभ्रंश गृहसेवा सल्लागार

स्मृतिभ्रंश गृहसेवा सल्लागार : डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकांच्या मदतीसाठी प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते. ते डॉक्टर नसतात, परिचारिकाही नसतात. ‘टेन सिक्स्टी-सिक्स’ या संशोधनगटाने ही पद्धत गोव्यात उभी केली आणि तिच्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीत कार्यकर्ता घरी येतो तो मुख्यतः रुग्णासाठी नव्हे, तर रुग्णाचे करणाऱ्या माणसासाठी.

हा संशोधनगट १९९८ साली कोची येथे अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या संघटनेच्या परिषदेच्या वेळी स्थापन झाला. जगातील डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के विकसनशील देशांत होते, पण लोकसंख्येवर आधारलेल्या संशोधनापैकी १० टक्केही त्यांच्याविषयी होत नव्हते. गटाच्या नावातले आकडे हेच.

गोव्यातल्या कामाला एका गुणात्मक पाहणीचा आधार होता. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांची ही पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. डिमेन्शियाची लक्षणे लोकांच्या परिचयाची होती, पण तो आजार आहे असे कोणी मानत नव्हते. वय झाले की माणूस असा व्हायचाच, त्याला डॉक्टर काय करणार, अशी समजूत. परिणामी हे रुग्ण प्राथमिक आरोग्यसेवेतल्या डॉक्टरांपर्यंत क्वचितच पोहोचत. घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना मात्र कोणत्या घरात असे माणूस आहे हे ठाऊक असे. दुसरी समजूत अधिक बोचरी होती. मुलांनी हेळसांड केली, माया लावली नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाची ही दशा झाली, असे लोक सांगत. म्हणजे ज्या घरात बायको, मुलगी किंवा सून रात्रंदिवस राबते आहे, तिच्याच माथी ठपका. हा मेंदूचा आजार आहे, तुमच्या वागण्यामुळे झालेला नाही, एवढे कोणीतरी घरी येऊन सांगणे ही अशा बाईसाठी मोठी गोष्ट असते. औषधाच्या चिठ्ठीवर ती लिहून देता येत नाही. त्याच सुमारास केरळात त्रिशूर जिल्ह्यात के. एस. शाजी आणि सहकाऱ्यांनी अंगणवाडी सेविकांना थोडक्या वेळाचे प्रशिक्षण देऊन वस्तीतले रुग्ण ओळखायला शिकवले होते. रुग्ण सापडल्यावर त्या घरासाठी पुढे काय करायचे, हा प्रश्न गोव्याच्या उपक्रमाने हाती घेतला.

सल्लागार होण्यासाठी अटी मोजक्याच होत्या : स्थानिक भाषा बोलता यावी, उच्च माध्यमिक शिक्षण झालेले असावे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी काम करण्याची मनापासून इच्छा असावी. निवडलेल्यांना आठवडाभराचे सलग प्रशिक्षण दिले जाई. त्यात व्याख्यानांपेक्षा भूमिका वठवून दाखवण्यावर भर होता. ऐकून घेण्याचे आणि समुपदेशनाचे कौशल्य, ताण हलका करण्याचे उपाय, नेहमीच्या दुखण्याखुपण्यांविषयी सल्ला हे सारे अभ्यासक्रमात होते. मृत्यूनंतर घरच्यांना धीर कसा द्यावा हेही होते, आणि ते वाजवीच म्हटले पाहिजे, कारण हा आजार बरा होणारा नाही. मेंदूच्या रचनेचे धडे मात्र जुजबी. पथकात दोन पूर्णवेळ सल्लागार, त्यांच्यावर देखरेख करणारा एक अर्धवेळ समुपदेशक आणि सार्वजनिक आरोग्यसेवेतला एक अर्धवेळ मानसोपचारतज्ज्ञ असे.

सल्लागाराने सहा महिने, निदान पंधरा दिवसांतून एकदा, घरी जायचे. गरज असेल तिथे अधिक वेळा. भेटीचा साचा ठरलेला नव्हता, घराची अडचण पाहून मदत ठरे. आजाराची माहिती देणे आणि रुग्णाच्या त्रासदायक वागण्यावर उपाय सुचवणे हा कामाचा गाभा होता. आताच जेवलेली आजी ‘मला कोणी जेवायला देत नाही’ असे शेजाऱ्यांना सांगते आणि सुनेचा जीव कानकोंडा होतो, हे अशा घरांतले नेहमीचे दृश्य. इथे ‘तुम्ही आत्ताच जेवलात’ असा वाद घालून काही साधत नाही. विषय बदलावा, हातात काहीतरी थोडे खायला द्यावे, आणि आजी मुद्दाम खोटे बोलत नाही हे शेजाऱ्यांनाही समजावून सांगावे. अंघोळीला नकार देणाऱ्याला एका दमात दहा सूचना देऊ नयेत, एकेक कृती सांगावी आणि रोजची वेळ सहसा मोडू नये. घराबाहेर भरकटणाऱ्याच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवावी. लघवीवर ताबा राहिला नसेल तर ठरावीक वेळाने आपणच शौचालयात न्यावे. वरवर पाहता हे सारे साध्या शहाणपणाचे वाटते, पण चार रात्री झोप न झालेल्या माणसाला ते सुचत नाही.

वागणे फारच हाताबाहेर गेले तर सल्लागार रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा घरच्या डॉक्टरकडे पाठवी. अशा कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देणे आणि ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनांची माहिती देणे हीही त्याची कामे होती. निवृत्तिवेतनाचा अर्ज कुठे करायचा हे सांगणाऱ्या माणसाला घरचे दुसऱ्या भेटीत आपणहून आत बोलावतात. प्रशिक्षण आखणाऱ्यांनी हा भाग वगळला नाही, ही त्यांची व्यवहारबुद्धी.

अमित डायस आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीत ८१ कुटुंबे होती. रुग्णांचा आजार सौम्य ते मध्यम स्वरूपाचा होता. चिठ्ठ्यांसारख्या यादृच्छिक पद्धतीने ४१ कुटुंबांना सल्लागार मिळाला. उरलेल्या ४० कुटुंबांना आजाराविषयी माहिती देऊन प्रतीक्षायादीत ठेवले होते. मोजमाप तीन आणि सहा महिन्यांनी झाले. काळजीवाहकांचे, म्हणजे रुग्णाचे करणाऱ्या माणसांचे, मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याने त्यांना होणारा त्रास घटला. मात्र काळजीचे ओझे मोजणाऱ्या प्रश्नावलीतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. रुग्णांची वागणूक आणि दैनंदिन कामे करण्याची क्षमता यांतली सुधारणाही नाही. काम तेवढेच राहिले, ते करणाऱ्याचे मन थोडे सावरले, असा याचा अर्थ लावता येतो. सल्लागार मिळालेल्या गटात मृत्यू कमी झाले होते, पण एवढ्या लहान चाचणीत तो योगायोगही असू शकतो. त्यावरून मोठे दावे करण्यात अर्थ नाही.

‘टेन सिक्स्टी-सिक्स’ गटाने काळजीवाहकांसाठी पाच आठवड्यांचा, दर आठवड्याला अर्ध्या तासाचा, आटोपशीर अभ्यासक्रमही तयार केला. त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष मॉस्कोतून २००९ साली आणि पेरू देशातल्या लिमातून २०११ साली आले. तिथे चित्र नेमके उलटे दिसले : काळजीचे ओझे कमी झाले, पण मानसिक त्रासात फरक पडला नाही. नमुने लहान होते, हे एक कारण असू शकेल. दुसरे असे की गोव्यात सल्लागार सहा महिने येत राहिला आणि तिथे पाच आठवड्यांत शिकवणी संपली. शिकवल्याने कामाची पद्धत सुधारते आणि सोबतीने मन हलके होते, असा तर्क करण्यास जागा आहे. तो सिद्ध झालेला नाही.

मानसिक आजारांच्या इतर क्षेत्रांतही ही वाट चोखाळली गेली. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना समाजातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत आधार देण्याची चाचणी गोवा, तमिळनाडू आणि महाराष्ट्रातील सातारा येथे झाली. तीत २८२ रुग्ण होते आणि निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा कार्यक्रम डिमेन्शियाच्या रुग्णाच्या काळजीवाहकाला इंटरनेटवरून थेट शिकवतो. भारतात त्याची चाचणी घेतली तेव्हा बरेच जण मध्येच गळाले. दारात येणाऱ्या माणसाची जागा पडद्याने घेणे अवघड दिसते.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. एवढ्या घरांसाठी वेगळे सल्लागार नेमणे अशक्यच. म्हणून हे काम आशा कार्यकर्तीकडे द्यावे, अशी सूचना सहज पुढे येते. लसीकरण, बाळंतपणे आणि सर्वेक्षणे यांतून पंधरवड्याला तासभर एका सुनेशी बोलायला तिला सवड कोठून मिळणार, हा प्रश्न मात्र कागदावर सुटत नाही. शिवाय गोव्याच्या पद्धतीतला आठवडाभराच्या प्रशिक्षणाचा भाग स्वस्त आहे. अडकलेल्या सल्लागाराला विचारायला समुपदेशक आणि त्याच्यामागे मानसोपचारतज्ज्ञ असणे, हा तिचा महागडा भाग. प्रशिक्षण देऊन कार्यकर्त्याला एकटे सोडणाऱ्या योजनेला या चाचणीचा दाखला देता येणार नाही.