कासदाहाच्या जीवाणूंतील रोगकारक व औषधरोधक जनुके

गाईच्या कासेत जीवाणू शिरून होणाऱ्या दाहाला कासदाह म्हणतात. मराठी पशुपालक त्याला ‘दगडी’ म्हणतात, तर इंदूरच्या आसपास माळव्यात ‘थनैला’ हे नाव रूढ आहे. रोगकारक जनुकांच्या बळावर जीवाणू कासेत ठाण मांडतो, तर औषधरोधक जनुकांमुळे प्रतिजैविक निकामी ठरते. तपासणीत दोन्ही एकत्र पाहणे इष्ट असते, कारण उपचार फसण्याचे खापर नेहमी औषधरोधावरच फोडता येत नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा यांतील विशेष चिवट जीवाणू होय. त्याच्या ‘कोआ’ जनुकापासून बनणारे प्रथिन रक्तद्रव गोठवते, ‘एचएलए’ व ‘एचएलबी’ जनुकांची विषे पेशींची पटले फोडतात आणि ‘इका’ समूहातील जनुके जीवाणूंभोवती बहुशर्करेचा चिकट थर रचतात. या थराआड किंवा थेट कासेच्या पेशींत दडलेल्या जीवाणूपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील तबकडीवर पेनिसिलीनला सहज बळी पडणारा जीवाणूही गोठ्यात सडात सोडलेल्या ट्यूबला दाद देत नाही.

पेनिसिलीन मोडून टाकणारे विकर (एन्झाइम) ‘ब्ला-झेड’ जनुकामुळे तयार होते. हे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या छोट्या वलयावर) असल्याने एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते. ‘मेक-ए’ या जनुकाची रीत वेगळी आहे: ते औषध मोडत नाही, तर औषधाला जुमानत नाही असे पर्यायी प्रथिन पुरवते, आणि जीवाणूची भित्तिका बांधली जातच राहते. मेथिसिलीन या पेनिसिलीन गटातील औषधाला न जुमानणारे ऑरियस गाईंच्या कासदाहात प्रथम बेल्जियममध्ये १९७२ साली नोंदले गेले. २०११ मध्ये ब्रिटनमधील गाईंच्या दुधातून मिळालेल्या जीवाणूंत ‘मेक-सी’ हे भिन्न रूप वर्णिले गेले. तोवरच्या ‘मेक-ए’ शोधणाऱ्या चाचण्यांतून ते निसटत असे. जनुकचाचणी नकारार्थी आली, तर शोधलेले जनुक सापडले नाही इतकेच ठरते.

शेणामातीतून येणाऱ्या एश्चेरिशिया कोलायमध्ये ठरावीक रोगकारक जनुकसंच आढळत नाही. त्याची हानी मुख्यतः बाह्यभित्तिकेतील अंतर्विषामुळे (एंडोटॉक्सिन) होते. त्याच्यात ‘सीटीएक्स-एम’ व ‘टेट-ए’ ही औषधरोधक जनुके आढळतात.

सुप्त कासदाहात दूध दिसायला चांगलेच असते. गोठ्यात चार खळगे असलेल्या पट्टीवर प्रत्येक सडाचे दूध व तितकेच अभिकर्मक (चाचणीचे द्रावण) घालून पट्टी गोल फिरवतात. दुधातील पांढऱ्या पेशी फुटून मिश्रण लिबलिबीत झाले, तर तो सड संशयित मानतात. दूध तापवूनच घेण्याची इंदूरच्या मराठी घरांतील रीत जीवाणूंपुरती पुरेशी आहे, परंतु दूध तत्पूर्वी तासन्‌तास उबेत राहून त्यात ऑरियसचे आंत्रविष (पोट बिघडवणारे विष) तयार झाले असेल, तर ते उकळूनही जात नाही.

जनुकतपासणीसाठी नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वी घेतात. सडाचे टोक ७० टक्के अल्कोहोलने पुसतात, पहिल्या काही धारा टाकून देतात, त्यानंतरचे दूध निर्जंतुक बाटलीत घेतात आणि बाटली बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात.