रिफ्लेक्शनसाठी फ्लिप व्हर्टिकल मारायचं, रोटेट १८० नाही

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात बॅनरची कामं धो धो येतात आणि बऱ्याच गिऱ्हाइकांना नावाखाली पाण्यात पडल्यासारखं रिफ्लेक्शन हवंच असतं. पण चौकात वर बघितलं की कितीतरी ठिकाणी ते चुकलेलं दिसतं, म्हणजे अक्षरं १८० अंशात फिरवून तशीच खाली चिकटवलेली असतात. देवाचं, गावाचं नाव असतं हो ते, नीटच दिसायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"सोलापूर" हाच शब्द घ्या. फ्लिप व्हर्टिकल केलं की फक्त वरचं खाली जातं, डावं डावीकडंच राहतं, त्यामुळं सो च्या बरोबर खाली सो आणि र च्या खाली र. रोटेट १८० केलं की वरचं खाली तर जातंच पण डावं पण उजवीकडं जातं, मग सो च्या खाली र येऊन बसतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहून किल्ल्याची भिंत पाण्यात बघा, डावीकडचा बुरूज पाण्यात पण डावीकडंच दिसतो की नाही, म्हणजे पाणी फ्लिप करतं, रोटेट नाही.

मग एवढा साधा फरक नजरेतून का सुटतो? आपल्या शिरोरेघेमुळं. दोन्ही प्रकारात शिरोरेघ खालीच जाते, वरून फेड मारलेला असतो (म्हणजे कॉपी खाली खाली पुसट होत जाते), त्यामुळं लांबून सगळं बरोबर वाटतं. म्हणून शिरोरेघ बघू नका, काना बघा. वरच्या ला चा काना आणि खालच्या ला चा काना एका सरळ उभ्या रेषेत आले पाहिजेत, तो इकडंतिकडं गेला की समजायचं रोटेट झालंय. आणि ट्रायल इंग्रजी कॅपिटलवर घेऊ नका, एच, आय, ओ, एक्स ही अक्षरं फ्लिप करा नाहीतर रोटेट करा, तशीच दिसतात, काही कळत नाही.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल जे ने कॉपी, कंट्रोल टी, राइट क्लिक, की एकाच मेनूत रोटेट १८० पण असतं आणि अगदी खाली फ्लिप व्हर्टिकल पण, घाईत हात वरच्या रोटेटवर पडतो. समजा पडलाच तर सगळं पुसून परत करत बसू नका, त्याच कॉपीवर फ्लिप हॉरिझॉन्टल मारा, झालं बरोबर. कोरलड्रॉमध्ये मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे अक्षरं सिलेक्ट करायची, चौकटीचा वरचा मधला हँडल कंट्रोल दाबून खाली ओढायचा आणि माऊस सोडायच्या आधी राइट क्लिक, मूळ अक्षरं जागेवर राहतात आणि उलटी कॉपी बरोबर खालच्या कडेला चिकटून येते, वर-खाली सरकवायची झंझटच नाही. इंकस्केपवाल्यांना नुसतं व्ही दाबलं की फ्लिप होतं.

आता रोटेट १८० वाईट आहे असं नाही, त्याची जागा वेगळी. हॉटेलच्या टेबलावर मधे घडी घालून उभं करतात ते मेनू कार्ड असतं ना, समोरासमोर बसलेल्या दोघांना पण "शेंगा चटणी, कडक भाकरी" सरळ वाचता आलं पाहिजे, तिथं कागदाचा वरचा अर्धा भाग रोटेटच करावा लागतो, फ्लिप केलात तर समोरच्याला आरशातली अक्षरं दिसणार. तर नियम सोपा आहे: दुसऱ्या बाजूच्या माणसानं वाचायचं असेल तर रोटेट, खाली पाणी किंवा चकाकती फरशी दाखवायची असेल तर फ्लिप.

फ्लिप बरोबर केल्यावर पण मराठीत एक अडचण राहतेच, उकार. पू चा ऊकार खाली लोंबतो, त्यामुळं कॉपी त्या ऊकाराला टेकते आणि बाकीच्या अक्षरांखाली मोकळी जागा राहते. काही जण ती जागा भरायला कॉपी वर ढकलतात, मग दोन ऊकार एकमेकांत घुसून पू चा नुसता काळा गोळा होतो. माझं मत विचाराल तर ती जागा राहू द्या, शब्द ऊकारावर उभा आहे असं दिसतं आणि ते खरं पण वाटतं. फेड मात्र लवकर संपवा, अक्षराच्या निम्म्या उंचीपर्यंत पुष्कळ झालं, नाहीतर खालचा मोबाईल नंबर वाचता येत नाही.

आणि फ्लेक्स छापायला फाईल पाठवताना कोरलमध्ये कंट्रोल क्यू मारून कर्व्ह करायच्या (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करायच्या, मग टाइप करून सुधारता येत नाही) आधी गिऱ्हाइकाकडून नाव एकदा तपासून घ्या, कारण वरचं "सिध्देश्वर" सुधारून "सिद्धेश्वर" केलं तरी खालची कॉपी आपोआप बदलत नाही, ती वेगळी सुधारावी लागते.