न झालेल्या लढाईचं चित्र

बुडापेस्टच्या ललित कला संग्रहालयात तीन मीटरांहून उंच असा एक कॅनव्हास आहे. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला संत, एका हातात निशाण, दुसऱ्या हातातली तलवार शेजारी शरण आलेल्या मूर, म्हणजे स्पेनमधल्या मुस्लिम, योद्ध्याच्या मानेशी. घोड्याने चित्राचा एवढा भाग व्यापलाय की युद्ध मागे कुठेतरी खाली उरतं. चित्रकार व्हेनिसचा ज्यांबात्तिस्ता तिएपोलो (१६९६–१७७०), काळ १७४९–५०, म्हणजे बरोक शैलीची अखेर. संत म्हणजे याकोब, स्पेनचा सान्तियागो.

हा याकोब मुळात गालीलच्या सरोवरावरचा कोळी आणि येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. इ.स. ४४च्या सुमारास हेरोद अग्रिप्पाने त्याचा शिरच्छेद केला. त्याने कधी तलवार गाजवली, असं बायबल सांगत नाही. नवव्या शतकात वायव्य स्पेनमध्ये त्याची कबर 'सापडली' आणि तिथे कोंपोस्तेला हे तीर्थक्षेत्र उभं राहिलं. संताच्या हाती काठी आणि टोपीवर शिंपला आला तो यात्रेकरूंमुळे. घोडा आला तो क्लाविहोच्या लढाईमुळे.

आख्यायिका अशी: दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांना दरसाल शंभर कुमारिका खंडणी म्हणून द्याव्या लागत. उत्तरेकडच्या अस्तुरियास या ख्रिस्ती राज्याच्या रामिरो राजाने ती नाकारली, तो लढला आणि मागे रेटला गेला. रात्री याकोब स्वप्नात आला, 'उद्या मी येतो' म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच पांढऱ्या घोड्यावर रणात उतरला. साल ८४४ सांगतात. आजचे इतिहासकार मात्र अशी लढाई झालीच नाही असं मानतात. रामिरोचा मुलगा ओर्दोन्यो याने ८५९मध्ये त्याच परिसरात, आल्बेल्डाजवळ, खरी लढाई जिंकली होती. तिचीच आठवण पुढे बापाच्या नावावर जमा झाली असावी.

मग क्लाविहो इतकं पक्कं का झालं? उत्तर धान्याच्या कोठारात आहे. बाराव्या शतकात कोंपोस्तेलाच्या कॅथीड्रलमधल्या पेद्रो मार्सियो नावाच्या धर्माधिकाऱ्याने रामिरोच्या सनदेची एक 'नक्कल' पुढे आणली. विजयाबद्दल कृतज्ञ राजाने संताच्या देवस्थानाला दरसाल धान्य आणि द्राक्षमद्य देण्याचा नवस केला होता, असं तीत लिहिलेलं. सनद बनावट होती, वसुली अस्सल. वतनाच्या बनावट कागदांचे तंटे वाचलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. १४९२मध्ये ग्रानादा हे स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य पडल्यावर हा कर तिथेही लागू झाला. कादिसच्या संसदेने तो १८१२मध्ये रद्द केला, मग राजाने परत आणला, आणि १८३४मध्ये कुठे तो कायमचा संपला. म्हणजे तिएपोलोने कुंचला उचलला तेव्हा स्पेनमधले शेतकरी या न झालेल्या लढाईपायी अजून धान्य मोजत होते.

चित्र मात्र स्पेनमधल्या चर्चसाठी नव्हतं. ते मागवलं लंडनमधला स्पेनचा राजदूत रिकार्दो वॉल याने, आपल्या वकिलातीच्या प्रार्थनालयासाठी. हा वॉल आयरिश कॅथलिक घराण्यातला, जन्म फ्रान्समधल्या नांत शहरात. तेव्हा इंग्लंडमध्ये कॅथलिकांच्या जाहीर उपासनेला बंदी होती आणि ती उठायला १७९१ उजाडावं लागलं. वकिलातीला मात्र कायदा लागू नव्हता, त्यामुळे लंडनचे कॅथलिक स्पॅनिश, सार्डिनियन, बव्हेरियन वकिलातींच्या प्रार्थनालयांत जमत. ही सवलत जमावाला मान्य होतीच असं नाही: १७८०च्या गॉर्डन दंगलीत, म्हणजे लंडनमधल्या कॅथलिकविरोधी दंगलीत, सार्डिनियन आणि बव्हेरियन प्रार्थनालयांवर हल्ले झाले. अशा शहरात वेदीवर लावायला स्पेनचा सशस्त्र संत निवडणं म्हणजे मिशीला पीळ देणंच होतं.

तिएपोलोला गर्दीच्या लढाया रंगवता येत नव्हत्या असं नाही. व्हेनिसच्या दोल्फिन वाड्यासाठी १७२०च्या दशकात त्याने रोमन इतिहासातली दहा मोठी चित्रं केली. त्यांतली वर्चेल्लीची लढाई आणि कार्थेजचा पाडाव आता न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत, आणि त्यांत माणसं, घोडे, भाले यांचा नुसता खच आहे. सान्तियागोमध्ये त्याने तो सगळा गोंधळ मागे ढकलून दोनच माणसं पुढे ठेवली. संताच्या चेहऱ्यावर त्वेष नाही. तलवार मान कापत नाही, जेमतेम टेकते. मूर मरतोय की धर्म स्वीकारतोय, हे बघणाऱ्याने ठरवावं. मला ही दया वाटत नाही. शरणागतीचं इतकं देखणं चित्रण वधापेक्षा जास्त सोयीचं होतं, एवढंच.

चित्र पुढे हंगेरीच्या एस्तरहाझी सरदारांकडे आलं आणि १८७०–७१च्या सुमारास त्यांचा संग्रह हंगेरी सरकारने विकत घेतला. तिएपोलो स्वतः १७६२मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या बोलावण्यावरून माद्रिदला गेला आणि १७७०मध्ये तिथेच वारला. आरान्हुएसच्या चर्चसाठी त्याने शेवटची सात वेदीचित्रं केली होती. तो गेल्यावर लवकरच ती उतरवून चित्रकार मेंग्स आणि इतरांची चित्रं लावली गेली. दरबाराची आवड नवअभिजात शैलीकडे वळली होती.

संताचा हा 'मूरसंहारक' अवतार मात्र टिकला. पेरूमध्ये तो 'इंडियनसंहारक' (इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी) झाला, कारण स्पॅनिश सैनिकांनी १५३६च्या कुस्कोच्या वेढ्यातही त्याला पाहिल्याचं सांगितलं. कोंपोस्तेलाच्या कॅथीड्रलमध्ये त्याचा अठराव्या शतकातला पुतळा आहे. इस्लामी अतिरेक्यांनी माद्रिदच्या रेल्वेत घडवलेल्या बॉम्बस्फोटांनंतर, २००४मध्ये, तो हलवण्याचं चर्चने जाहीर केलं. लोकांनी ओरड केली आणि बेत मागे घेतला गेला. घोड्याच्या पायांखालचे मूर तेवढे फुलांनी झाकले गेले.