डिव्होर्सचे पेपर लग्न झालं तिथे मिळत नाहीत हो!

अमेरिकेतल्या आपल्या लोकांत वर्षानुवर्षं फिरतंय की लग्न जिथे रजिस्टर झालं तिथूनच डिव्होर्सचे पेपर मिळतात, नाहीतर स्टेटकडे मागायचे. दोन्ही चूक. ज्या काउंटीतल्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्टाने घटस्फोट दिला तिथल्याच क्लार्ककडे डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम, असते, मग लग्न पुण्यात झालेलं असो की लास व्हेगासला. टेक्ससमध्ये तर गंमतच, लग्नाची नोंद काउंटी क्लार्ककडे आणि डिव्होर्सची डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, स्टेट नुसतं व्हेरिफिकेशन लेटर, म्हणजे घटस्फोटाची नोंद आहे एवढंच सांगणारं पत्र, देतं, तेही १९६८ पासूनच्या केसेसचं, आणि ते सर्टिफाइड कॉपीच्या जागी चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये फाइल सील असते, नवरा-बायको किंवा त्यांच्या वकिलालाच मिळते, त्यामुळे मामेभावाला नुसतं पाठवून काही होणार नाही, उगाच त्याची सुट्टी वाया.