फळं-भाज्यांना कॅलरीच्या हिशेबातून सूट कशी मिळाली

रोजचं खाणं ॲपमध्ये नोंदवायला लागलं की काही दिवसांतच प्रश्न पडतो: काकडी, टोमॅटो, सफरचंद हेही लिहायचं का? एक गट म्हणतो, फळं-भाज्या मोजायच्या नसतात, त्या खाऊन कुणी जाड होत नाही. दुसरा म्हणतो, कॅलरी ती कॅलरी, द्राक्षांतून येवो नाहीतर बिस्किटातून. वाद जुना आहे. गंमत म्हणजे फळं-भाज्यांच्या कॅलरी धरू नयेत असं कुठल्याही प्रयोगाने कधी सिद्ध केलेलं नाही. ही सूट नंतर, वेगळ्याच कारणांसाठी दिली गेली.

मुळात मोजणाऱ्यांनी काहीच वगळलं नव्हतं. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर यांनी १८९०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांच्याबरोबर एक बंद खोली उभारली. माणूस तिच्यात दिवसेंदिवस राहायचा आणि त्याने खाल्लेलं, टाकलेलं, त्याच्या शरीरातून निघालेली उष्णता, सगळं मोजलं जायचं. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९, हे आजही वापरात असलेले आकडे ॲटवॉटर यांच्या कामातून आले. त्यांना चिंता होती ती मजुराच्या कुटुंबाला थोड्या पैशांत पुरेशी ऊर्जा कशी मिळेल याची. त्या हिशेबात हिरव्या भाज्या अगदीच तोट्याच्या ठरल्या, कारण पैसे मोजून घरी यायचं ते बहुतेक पाणी. जीवनसत्त्वांची कल्पना तेव्हा रुजायची होती.

पुढे कमी कॅलरींचा तोच आकडा भाज्यांचा गुण ठरला. लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ मध्ये वजन घटवण्यासाठी कॅलरी मोजायचं पुस्तक लिहिलं आणि ते प्रचंड खपलं. पदार्थ १०० कॅलरींच्या हिश्श्यांत मोजायची रीत अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी आधीच मांडली होती. पीटर्सबाईंनी ती घराघरात नेली. १०० कॅलरींत लोण्याचा छोटासा तुकडा येतो आणि काकडीचा ढीग येतो, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की भाज्यांकडे बघण्याची नजर बदलणारच. तरी सूट अजून नव्हती.

ती आली मधुमेहाच्या वाटेने, आणि माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. इन्सुलिन मिळण्याआधी रुग्णाला जगवायचं तर कर्बोदकं जवळजवळ बंद करावी लागत. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून भाज्या तीन-तीनदा उकळून, दर वेळी पाणी फेकून दिल्या जात. चवीचं काय होत असेल ते सांगायला नको. बॉस्टनचे डॉक्टर एलियट जॉस्लिन यांच्या तक्त्यांत भाज्या ५ टक्के, १० टक्के, १५ टक्के, २० टक्के कर्बोदकांच्या अशा गटांत लावलेल्या असत. इन्सुलिन आल्यावरही मोजणी सुटली नाही, उलट डोस ठरवायला ती नेमकी हवी झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले डॉक्टर आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. त्यांच्या सांगण्यावरून रॉबर्ट मॅकॅन्स यांनी कच्च्या आणि शिजवलेल्या फळं-भाज्यांचं पृथक्करण केलं. १९२९ च्या त्या अहवालात कर्बोदकांचे दोन भाग पाडले होते: शरीराला वापरता येणारी आणि न येणारी. काही वर्षांनी सफरचंदांवर डॉक्टरेट केलेल्या एल्सी विडोसन यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की तुमचे फळांतल्या फ्रुक्टोजचे आकडे कमी आलेत, तुमच्या पद्धतीत ती साखर काही प्रमाणात नष्ट होते. मॅकॅन्स यांनी ते मान्य केलं, आणि पुढे दोघांनी मिळून १९४० मध्ये काढलेले अन्नघटकांचे तक्ते ब्रिटनमध्ये प्रमाण मानले गेले.

१९५० मध्ये अमेरिकेत मधुमेहींसाठी अदलाबदलीच्या याद्या निघाल्या. एका यादीतला कुठलाही पदार्थ त्याच यादीतल्या दुसऱ्याच्या जागी चालतो, अशी ही सोय. तिथे काकडी, कोबी, फ्लॉवर, पालेभाज्या अशा भाज्यांना नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्या तर मोजू नका असं सांगितलं होतं. पण या सुटीला कुंपण होतं. बटाटा आणि मका थेट पावाच्या यादीत गेले. फळं तर मोजायचीच होती, एका वाट्याला १० ग्रॅम कर्बोदकं.

फळं खऱ्या अर्थाने ‘फुकट’ झाली ती वजन घटवण्याच्या मंडळांत. जीन निडेच यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या वेट वॉचर्सने १९९०च्या दशकात कॅलरींऐवजी गुण मोजायची पद्धत आणली: प्रत्येक पदार्थाला ठरावीक गुण, आणि दिवसभरात खायच्या गुणांचा कोटा. तीत फळांनाही गुण होते. २०१० च्या अखेरीस नवी पद्धत आली आणि बहुतेक ताजी फळं शून्य गुणांची झाली. तर्क असा की सफरचंद आणि तेवढ्याच कॅलरींचा पाकिटातला खाऊ यांना सारखे गुण दिले, तर पुष्कळ जण पाकीटच फोडतात. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९० मध्येच रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात असं म्हटलं होतं. खा म्हणून मागे लागायचं आणि वर हिशेबही मागायचा, हे जुळणारं नव्हतं.

म्हणजे ही सूट वागणूक बदलण्यासाठी होती. ४०० ग्रॅम काकडीत साधारण ६० कॅलरी असतात, तेवढ्याच केळ्यांत ३५० च्या आसपास. रसाची गोष्ट तर आणखी वेगळी. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश प्रयोगात अख्खं सफरचंद, त्याचा गर आणि रस यांची तुलना झाली. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने संपला आणि पोट भरल्याची जाणीवही त्यानेच सगळ्यात कमी दिली. शून्य गुणांच्या पद्धतीतही फळांचा रस मोजावा लागतो तो यामुळेच.

मोजू नका म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही थोडं तथ्य आहे. अमेरिकी कृषी खात्याने १९५५ मध्ये दिलेल्या सुधारित आकड्यांत फळं-भाज्यांतल्या कर्बोदकांना ग्रॅमला ४ ऐवजी साधारण ३.६ कॅलरी धरल्या, आणि तंतूंना (फायबरला) पुढे २ धरायची शिफारस झाली. सरसकट ४ ने गुणलं की हिशेबात भाज्यांच्या कॅलरी थोड्या फुगतात, पण खऱ्या कॅलरी काही शून्य नसतात.

गोंधळ होतो तो गुणांचा आणि कॅलरींचा असे दोन हिशेब एकत्र केल्याने. गुणांच्या पद्धतीत फळं शून्य धरायची, तर त्यांची जागा दिवसाचा कोटा ठरवतानाच सोडून ठेवावी लागते. ॲपमधल्या १५०० किंवा १८०० च्या कोट्यात तशी जागा सोडलेली नसते, तिथे तोंडात गेलेलं सगळं धरलेलं असतं. तिथे पालेभाज्या आणि काकडी लिहिली नाही तर फारसं बिघडत नाही. केळी, द्राक्षं, बटाटे, सुकामेवा लिहिलेले बरे. आणि भाजी फोडणीला टाकली असेल तर आधी तेल लिहावं. मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात, पाव किलो कोबीत त्याच्या निम्म्याहून थोड्याच जास्त.