द्रव-श्वसन आणि कृत्रिम गर्भाशय: प्राणवायू शिरतो कुठून?

फुप्फुसात हवेऐवजी द्रव ठेवून फार लवकर जन्मलेल्या बाळाला जगवायचं, एवढंच कानावर आलेलं असलं की द्रव-श्वसन आणि कृत्रिम गर्भाशय यांची हमखास गल्लत होते. दोन्हींचं महत्त्वाचं काम अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातच झाल्यामुळे घोळ आणखी वाढतो. प्राणवायू रक्तात कुठून शिरतो, एवढं विचारलं की फरक कळतो.

द्रव-श्वसनात तो फुप्फुसातूनच शिरतो. त्यासाठी परफ्लुरोकार्बन वापरतात. हा द्रव रंगहीन, पाण्याच्या जवळपास दुप्पट जड आणि पाण्यापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू सामावून घेणारा असतो. त्यात बुडवलेले उंदीर श्वास घेत जिवंत राहतात, हे लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलन यांनी 1966 मध्ये दाखवलं.

28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात सरफॅक्टंट (हवेचे कप्पे मिटू न देणारा पदार्थ) फारच कमी असतं. त्यामुळे हवेचे कप्पे दर उच्छ्वासाला मिटतात, आणि व्हेंटिलेटरच्या दाबाने ते पुन्हा पुन्हा उघडताना कोवळं अस्तर दुखावतं. जड द्रव मिटलेल्या भागात उतरून कमी दाबातही ते उघडे ठेवतो. 1989 मध्ये टेम्पल विद्यापीठातल्या थॉमस शेफर यांच्या गटाने, आशा जवळजवळ संपलेल्या बाळांवर हा उपाय करून पाहिला. फुप्फुसं सैलावली, पण बाळं वाचली नाहीत. 1996 मध्ये 13 बाळांच्या फुप्फुसात थोडा द्रव भरून वर नेहमीचा व्हेंटिलेटर चालवलेला अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात प्राणवायूचं प्रमाण सुधारलं. पण पुढे मोठ्या माणसांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही, आणि सरफॅक्टंटचं औषध तर तोवर रुळलंही होतं. उपाय मागे पडला. मला याची हळहळ वाटते, कारण कोवळ्या फुप्फुसाचा प्रश्न मोठ्यांच्या फुप्फुसापेक्षा वेगळा आहे.

कृत्रिम गर्भाशयात फुप्फुसांना श्वासाचं काहीच काम नसतं. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या ॲलन फ्लेक यांच्या गटाने 2017 मध्ये कोकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोकरू बंद पिशवीत, गर्भजलासारख्या पाण्यात. नाळेच्या रक्तवाहिन्या वारेचं काम करणाऱ्या ऑक्सिजनेटरला जोडलेल्या. मध्ये पंप नाही. रक्त ढकलतं ते कोकराचं स्वतःचं हृदय, कारण पंपाचा जोर एवढ्याशा हृदयाला झेपत नाही. पिशवीतलं पाणी फुप्फुसात जातं-येतं, पण ते प्राणवायू पुरवायला नाही, फुप्फुसाच्या वाढीसाठी. काही कोकरं अशी 4 आठवड्यांपर्यंत राहिली.

यातूनच आईवडिलांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक निघतो. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत असलेल्या बाळाला ही पिशवी लावता येत नाही. सिझेरियन करून, बाळाने हवेत श्वास घेण्याआधीच नाळेच्या वाहिन्या जोडाव्या लागतात. नंतर त्या आकसतात. द्रव-श्वसन मात्र जन्मानंतर, व्हेंटिलेटरवरच्या बाळालाही देता येण्यासारखं होतं.

माणसाच्या बाळावर पिशवीच्या चाचण्या कराव्यात का, यावर अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएच्या सल्लागार समितीने सप्टेंबर 2023 मध्ये चर्चा केली. तिथली खरी धास्ती मेंदूतल्या रक्तस्रावाची आहे. रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावं लागतं, आणि 23 आठवड्यांचं बाळ जेमतेम अर्ध्या किलोचं, त्या कोकरांहून बरंच लहान असतं. तेव्हा मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर भिस्त अजूनही आईला प्रसूतीआधी दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, नाकावाटे सौम्य दाबाने हवा देणारं सीपॅप आणि सरफॅक्टंट यांवरच आहे.